हातशिक्का, सुबक : विदर्भातील ग्रामीण डाकघरांतले

टपाल तिकिटावर डाकघरात हाताने मारलेला गोल शिक्का, ज्यात गावाचे नाव आणि तारीख पूर्ण वाचता येते. तिकीट पुन्हा वापरता येऊ नये एवढाच खात्याचा त्यामागचा हेतू. संग्राहकाला मात्र कित्येकदा तिकिटापेक्षा शिक्काच हवा असतो. वर्तुळ तिकिटाच्या मधोमध, सरळ आणि अखंड उमटले तर त्याला ‘सॉक्ड ऑन द नोज’ किंवा ‘बुल्स आय’ म्हणतात. यंत्राच्या शिक्क्यात तिकिटावर बहुधा नागमोडी रेघा येतात, नाव बाजूला पडते, आणि ते नावही मोठ्या शहराचे असते. खेड्याचे नाव हवे तर हातशिक्क्याला पर्याय नाही.

विदर्भाचे पिनकोड ४४ ने सुरू होतात. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला आले. शाखा डाकघराला स्वतंत्र पिनकोड नसतो, ते आपल्या उप डाकघराचाच वापरते. त्यामुळे नाव पुसट आले तर नुसत्या आकड्यांवरून गाव ठरवता येत नाही. एकसारख्या नावांचा घोळ इथे जुनाच आहे. गांधीजी वर्ध्याजवळच्या सेगावला राहायला गेले, तेव्हा त्यांची पत्रे बुलढाण्याकडच्या शेगावला जात. १९४० मध्ये सेगावचे सेवाग्राम झाले त्यामागे हे एक कारण होते. शिवाय जिल्हेही बदलत गेले : गडचिरोली १९८२ मध्ये चंद्रपूरपासून, वाशीम १९९८ मध्ये अकोल्यापासून, गोंदिया १९९९ मध्ये भंडाऱ्यापासून वेगळा झाला. जुन्या रोमन लिपीतल्या शिक्क्यांत यवतमाळ, बुलढाणा ही नावे इंग्रजी अमदानीच्या स्पेलिंगने येतात. तारीख वाचता आली तरच ठसा या इतिहासात नेमका बसवता येतो.

शिक्क्याला लाकडी मूठ आणि धातूचे तोंड असते. कडेने डाकघराचे नाव कोरलेले, मधल्या खाचेत दिवस, महिना आणि वर्षाचे सुटे खिळे, म्हणजे धातूचे बदलता येणारे ठसे. खिळा सैल असला की आत दबतो आणि तेवढाच आकडा उमटत नाही. घाईत उलटा बसला तर तारीख डोक्यावर उभी राहते. (असे ठसेही काही जण मुद्दाम जमवतात, तो छंद वेगळा.) वर्तुळाचा व्यास सुमारे तीन सेंटिमीटर. नेहमीचे स्मारक तिकीट साधारण ३९ × २९ मिलिमीटरचे असते, म्हणजे त्यावर वर्तुळ जवळजवळ पूर्ण येते. रोजच्या वापराच्या लहान तिकिटावर ते मावणारच नाही. तिथे चार जोडलेल्या तिकिटांचा चौकोन लावून सांध्यावर शिक्का घ्यावा, नाहीतर निदान गावाचे नाव तिकिटावर येईल असे पाहावे. शिक्का उजळ दिसायला तिकीट फिकट पार्श्वभूमीचे निवडावे. गडद निळ्या किंवा तपकिरी चित्रावर काळी शाई हरवते.

निम्मे काम डाकघरात पाऊल टाकण्याआधीच होते. पाकीट जाड, गुळगुळीत आणि फिकट रंगाचे घ्यावे. तिकीट वरच्या उजव्या कोपऱ्यात, दोन्ही कडांपासून किमान एक सेंटिमीटर आत लावावे. अगदी कडेला लावलेल्या तिकिटावर शिक्का अर्धा बाहेर घसरतो. आत पाकिटाच्याच मापाचा कार्डाचा तुकडा सरकवावा. घडी घातलेला कागद, टाचणी किंवा पिन तिकिटाखाली आली तर ठशात तेवढी पांढरी पट्टी राहते. डिंक पूर्ण वाळू द्यावा. ओल्या डिंकावर शिक्का मारला की तिकीट सरकते आणि ठसा दुहेरी होतो.

टेबलाचा पृष्ठभाग हा सगळ्यांत दुर्लक्षित भाग. नुसत्या लाकडावर किंवा लोखंडी टेबलावर तोंडाचा उंच भागच टेकतो आणि अर्धे वर्तुळ गायब होते. फार मऊ गादीवर तोंड रुतते, कडा जाड होतात आणि अक्षरांच्या पोटात शाई भरते. वर्तमानपत्राच्या आठ-दहा घड्या किंवा चिरून सपाट केलेली सायकलची जुनी ट्यूब पुरते. बहुतेक शाखा डाकघरे कुणाच्या तरी घराच्या ओसरीत किंवा ग्रामपंचायतीच्या खोलीत चालतात. ट्यूबचा तुकडा सोबत नेलेला बरा.

शाईत दोन गोष्टी बिघडतात. धातूच्या शिक्क्याला तेलकट शाई लागते. रबरी शिक्क्याची पातळ शाई धातूवर थेंबाथेंबाने गोळा होते आणि ठसा ठिपकेदार येतो. दुसरी गोष्ट उन्हाची. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांपर्यंत जातो तेव्हा शाईची गादी कडक वाळते. तिच्यावर पाणी शिंपडले तर तेलकट शाईत ते मिसळत नाही, ठसा करडा आणि पुसट येतो. दोन-तीन थेंब शाईच घालावी, गादी रात्रभर उलटी ठेवावी, म्हणजे शाई वर येते. पावसाळ्यात उलट त्रास : शाई वाळत नाही, आणि चकचकीत तिकिटावर तर बोट लागले की पसरते. अक्षरांच्या पोटांत आणि अनुस्वारात साचलेली जुनी शाई दात घासायच्या जुन्या ब्रशने आणि किंचित रॉकेलने निघते. सुई लावू नये, कोरीव ओरखडते. अर्थात हे काम पोस्टमास्तरांनीच करायचे. शिक्का सरकारी आहे, तो संग्राहकाच्या हाती देता येत नाही.

मारण्याची रीत अशी. शिक्का गादीवर दोनदा हलका टेकवावा, दाबू नये. पहिला ठसा रद्दी कागदावर घ्यावा. तारीख, खिळे आणि शाई एका नजरेत कळते. मग मूठ उभी धरून शिक्का तिकिटावर ठेवावा, ठोकू नये. वरून सरळ दाब द्यावा आणि मूठ न फिरवता वजन हळूहळू चारही बाजूंना द्यावे. उचलताना सरळ वर. रोज शेकडो टपाल हाताळून दाणकन मारायची सवय जडलेल्या हाताला हे अवघड जाते. म्हणून वेळ पाहून जावे : शाखा डाकघर दिवसातून चार-पाच तासच उघडे असते. बाजाराचा दिवस, पैसे वाटपाचा दिवस आणि थैली बांधायची घटका टाळावी. “भाऊ, जरा हयू मारजा” (जरा हळू मारा) एवढे नम्रपणे म्हटले की बहुतेक ठिकाणी काम होते. नाही म्हटले तर ऐकून घ्यावे. सुबक ठसा द्यावाच, असे कोणते बंधन नाही.

मागची तारीख मात्र कधीही मागू नये. ती खोटी नोंद ठरते, आणि अडचणीत पोस्टमास्तर येतो.

पाकीट खरोखर टपालात टाकावे, त्यावर वजनाप्रमाणे पूर्ण मूल्याची तिकिटे असावीत. नुसते शिक्का मारून परत घेतलेले पाकीट जाणकारांत कमी लेखले जाते. पोचल्यावर मागे पोचशिक्का पडला असेल तर प्रवासाचा पुरावा पूर्ण होतो. तिकीट पाण्यात सोडवून काढू नये. पाकीट अख्खे ठेवणे उत्तम, आणि कापायचेच तर शिक्क्याभोवती सगळीकडून एक सेंटिमीटर कागद ठेवावा. आलेले पाकीट लगेच प्लास्टिकच्या कव्हरात घालू नये. तेलकट शाई पूर्ण मुरायला वेळ लागतो, आणि तोवर ते टिपकागदावर उघडे ठेवले नाही तर ठसा प्लास्टिकला चिकटून येतो.