हात धुतले की नाही, हे ठरवायचं कसं?

शाळेतल्या मुलांना विचारलं, ‘जेवणाआधी साबणाने हात धुता का?’, तर एका सुरात ‘हो’ येतं. आरोग्याचा तास नुकताच झाला असेल, तर हा ‘हो’ आणखी खणखणीत. मुलं खोटारडी नसतात; मोठ्यांना काय ऐकायचं आहे ते त्यांना बरोबर कळतं, इतकंच. म्हणूनच नुसती प्रश्नावली भरून घेऊन ‘उपक्रम यशस्वी’ असा शेरा मारणारे अहवाल मला पटत नाहीत. मुलांना उत्तर पाठ झालं, एवढंच त्यातून कळतं.

मग शेजारी उभं राहून पाहावं का? त्यातही मेख आहे. बांगलादेशात संशोधकांनी साबणाच्या वडीतच हालचाल टिपणारा सेन्सर बसवला आणि अशा वड्या घरोघरी दिल्या. निरीक्षक घरात बसलेला असताना साबण एरवीपेक्षा सुमारे ३५ टक्के जास्त वेळा हलला. २०१० साली प्रसिद्ध झालेला हा अभ्यास घरांमधला आहे, पण वही घेऊन उभ्या असलेल्या पाहुण्यासमोर शाळेत काही वेगळं घडेल असं मानायला जागा नाही. त्यामुळे आडवाटेने जावं लागतं. साबण किती झिजला ते पाहायचं, मुलांच्या हातांवरचे नमुने घेऊन त्यात ई. कोलाय हा विष्ठेतला जिवाणू सापडतो का ते तपासायचं, न कळवता शाळेत जाऊन वर्गातली डोकी मोजायची.

मोजायचं काय हे ठरलं, तरी तुलना कशाशी करायची हा प्रश्न उरतोच. एकाच शाळेत ‘आधी’ आणि ‘नंतर’ पाहिलं तर ऋतू फसवतो. सर्दी-खोकल्याचा मोसम सरला की आजारपण आपोआप कमी होतं आणि श्रेय मात्र उपक्रमाला मिळतं. आपणहून पुढे आलेल्या शाळा निवडल्या तर तिथले मुख्याध्यापक मुळातच उत्साही निघतात. यावर उपाय म्हणजे सोडत: कोणत्या शाळेत उपक्रम आधी आणि कोणत्या शाळेत नंतर, हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. सोडत मुलांची नाही, अख्ख्या शाळांची. एका वर्गातली मुलं एकमेकांचे जंतूही घेतात आणि सवयीही. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण सगळी शितं एकाच भांड्यातली असतात. इथे प्रत्येक शाळा हे वेगळं भांडं आहे. दोनच शाळांतली हजारो मुलं तपासली, तरी भांडी दोनच.

शाळा हेच एकक का धरायचं, हे जंतांच्या गोळ्यांच्या संशोधनातून फार स्पष्ट दिसलं. केनियातल्या बुसिया भागात ७५ शाळांना १९९८पासून टप्प्याटप्प्याने जंतनाशक औषध दिलं गेलं. मायकेल क्रेमर आणि एडवर्ड मिगेल यांनी २००४ साली मांडलेल्या निष्कर्षानुसार, औषध मिळालेल्या शाळांतली गैरहजेरी सुमारे एक चतुर्थांशाने घटली. त्याच शाळांतल्या, गोळी न घेतलेल्या मुलांनाही फायदा झाला, कारण मातीत पडणारी जंतांची अंडीच कमी झाली. एकाच वर्गातल्या निम्म्या मुलांना गोळी देऊन उरलेल्यांशी तुलना केली असती, तर दोन्ही गट सुधारले असते आणि औषध निरुपयोगी ठरलं असतं! पुढे २०१५ साली इतर संशोधकांनी हीच आकडेमोड पुन्हा केली, तेव्हा आसपासच्या शाळांवरचा परिणाम मोजताना झालेल्या चुका सापडल्या आणि मोठा वाद झाला. मला यात विज्ञानाची बदनामी दिसत नाही. मूळ संशोधकांनी आपली माहिती दुसऱ्यांच्या हाती दिली, म्हणूनच ही तपासणी होऊ शकली.

हात धुण्याबद्दलचे निकालही एकसारखे नाहीत. कैरोमधल्या ६० प्राथमिक शाळांत २००८ साली सोडतीने निम्म्या शाळांत मोहीम राबवली गेली. तिथे फ्लूसारख्या आजारामुळे होणारी गैरहजेरी ४० टक्क्यांनी आणि जुलाबामुळे होणारी ३० टक्क्यांनी कमी झाली. न्यूझीलंडमधल्या ६८ शाळांत मात्र वर्गावर्गात सॅनिटायझर ठेवूनही आजारपणामुळे बुडणाऱ्या शाळेत फरक पडला नाही. नळ, साबण आणि हात धुण्याची सवय जिथे आधीपासून आहे, तिथे आणखी एका बाटलीने काय साधणार?

पण विचार करायला लावणारा निकाल पश्चिम केनियातला. तिथे काही शाळांना स्वच्छतेचं शिक्षण आणि पाणी शुद्ध करण्याची सोय मिळाली, काहींना त्याबरोबर नवी शौचालयंही. या दुसऱ्या गटात हात जास्त स्वच्छ असतील, अशी कुणाचीही अपेक्षा असणार. झालं उलटंच. शौचालयं मिळालेल्या शाळांत मुलींच्या हातांवर ई. कोलाय सापडण्याचं प्रमाण वाढलेलं आढळलं. याचा उलगडा बहुधा असा: सोय झाल्यावर शौचालयाचा वापर वाढला, ही चांगलीच गोष्ट, पण बाहेर आल्यावर साबण नाही, आत पुसायला कागद नाही. मग हातांवर जे राहायचं ते राहिलं. केवळ ‘शौचालयं बांधून पूर्ण’ एवढंच नोंदवलं असतं, तर हा अहवाल सर्वांगसुंदर दिसला असता.

लाओसमधल्या १०० शाळांच्या अभ्यासात पाणी, शौचालय आणि स्वच्छतेचा पूर्ण संच देऊनही मुलांच्या आरोग्यावर किंवा हजेरीवर एकंदर परिणाम दिसला नाही. ठरलेल्या सगळ्या गोष्टी फार थोड्या शाळांत नीट चालू राहिल्या होत्या. जिथे त्या जास्त चालू होत्या, तिथे जुलाब आणि श्वसनविकारांची लक्षणं कमी होती. इथे मात्र जपून बोलायला हवं. सोयी टिकवून धरणारी शाळा इतर बाबतींतही जागरूक असू शकते, आणि ही तुलना सोडतीतून आलेली नाही.

बांगलादेशातल्या दोन शाळांतला एक छोटा प्रयोग मला फार आवडतो. शौचालयापासून हात धुण्याच्या जागेपर्यंत रंगीत वाट काढली, तिच्यावर पावलं रंगवली, नळापाशी हातांचे ठसे काढले. व्याख्यान नाही, तक्ता नाही. शौचालयातून आल्यावर साबणाने हात धुणाऱ्या मुलांचं प्रमाण ४ टक्क्यांवरून सहा आठवड्यांनी ७४ टक्क्यांवर गेलं. अर्थात शाळा दोनच, आणि मुलांना माणसांनीच पाहिलं होतं. रंग फिका झाल्यावर काय होतं, साबण संपल्यावर नवा कोण आणतो आणि त्याचे पैसे शाळेच्या कोणत्या खर्चातून निघतात, याची उत्तरं सहा आठवड्यांत मिळत नाहीत. त्यासाठी दोन-तीन वर्षांनी, कुणाला न कळवता, पुन्हा त्याच शाळांत जावं लागतं. आणि त्या फेरीचा खर्च उपक्रमाच्या पहिल्याच अंदाजपत्रकात धरावा लागतो.