ईश्वरच करवून घेतो, मग पाप कोणाचं? : एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

गीतेच्या अठराव्या अध्यायातला एकसष्टावा श्लोक सांगतो की ईश्वर सगळ्या भूतांच्या हृदयात बसलेला आहे आणि यंत्रावर चढवल्यासारखं त्यांना आपल्या मायेने फिरवतो आहे. बासष्टावा सांगतो, त्यालाच शरण जा. त्रेसष्टाव्यात तोच वक्ता अर्जुनाला म्हणतो, ‘यथेच्छसि तथा कुरु’, सगळ्याचा नीट विचार कर आणि तुला वाटेल तसं कर. याच वक्त्याने सातव्या अध्यायात आपल्याला भूत, वर्तमान आणि पुढे होणारेही सगळे प्राणी ठाऊक असल्याचं सांगितलं आहे. अकराव्यात तर समोरचे योद्धे आपण आधीच मारले आहेत, तू नुसता निमित्त हो, असंही सांगून झालं आहे. सगळं जाणणाऱ्या आणि सगळं करवणाऱ्या ईश्वराने माणसाला ‘तू ठरव’ म्हणणं, हा या वादाचा गाभा. एकसष्टावा आणि त्रेसष्टावा हे दोन्ही श्लोक प्रवचनांतून सारख्याच भक्तीने म्हटले जातात, पण एकत्र क्वचितच घेतले जातात.

प्रश्न गीतेहून जुन्या थरांतही दिसतो. कौषीतकी उपनिषदात एक वाक्य आहे, आणि पुढच्या अनेक भाष्यकारांना त्याच्याशी झुंजावं लागलं आहे. ज्याला वरच्या लोकी न्यायचं त्याच्याकडून हाच चांगलं कर्म करवतो, ज्याला खाली न्यायचं त्याच्याकडून वाईट. बौद्धांनी अशा मतांवर थेट बोट ठेवलं. अंगुत्तर निकाय या पाली ग्रंथाच्या तिकनिपात नावाच्या भागात तीन मतं खोडून काढली आहेत. सगळं पूर्वकर्मामुळे होतं हे एक, सगळं ईश्वराच्या निर्मितीमुळे होतं हे दुसरं आणि सगळं विनाकारण होतं हे तिसरं. आक्षेप तिघांवर एकच आहे. तसं असेल तर खून करणारा ईश्वरामुळे किंवा पूर्वकर्मामुळे खुनी ठरतो. मग ‘हे करावं, ते करू नये’ या म्हणण्याला आणि प्रयत्नाला अर्थच राहत नाही. इथे ईश्वराबरोबर पूर्वकर्मालाही आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं आहे. ही गोष्ट पुढे विसाव्या शतकात पुन्हा महत्त्वाची ठरते.

महाभारताच्या वनपर्वात हा प्रश्न द्रौपदीच्या तोंडी येतो. माझ्या मते संपूर्ण परंपरेत त्याची इतकी धारदार मांडणी दुसरी नाही. वनवासात ती युधिष्ठिराला म्हणते की लाकडी बाहुलीचे हातपाय हलवावेत तसा विधाता प्राण्यांना हलवतो. मग ती दोनच पर्याय ठेवते. केलेलं कर्म करणाऱ्याच्याच मागे जात असेल, तर या पापाने खुद्द ईश्वर लिप्त होतो. आणि ते कर्त्याला चिकटत नसेल, तर ‘कारणं बलमेवेह जनाञ्शोचामि दुर्बलान्’, या जगात बळ हेच कारण, मला दुबळ्या माणसांचं वाईट वाटतं. युधिष्ठिर तिच्या बोलण्याला नास्तिक्य म्हणतो. धर्मावर शंका घेऊ नये, फळ मिळतंच, असं समजावतो. तिच्या दोन पर्यायांपैकी नेमका कुठला चुकतो, हे मात्र तो सांगत नाही.

तत्त्वज्ञांच्या दप्तरात हा वाद रीतसर दाखल झाला तो न्यायसूत्रांत, म्हणजे न्यायदर्शनाच्या मूळ ग्रंथात, आणि ब्रह्मसूत्रांत, म्हणजे वेदान्ताच्या सूत्रग्रंथात. न्यायसूत्रांचा निकाल थोडक्यात असा की माणसाचे प्रयत्न अनेकदा वाया जातात म्हणून फळाला ईश्वर हे कारण मानावं लागतं. पण माणसाच्या कर्मावाचून फळ निपजत नाही हेही खरं. ब्रह्मसूत्रांत मात्र दोन वेगळ्या जागी दोन वेगळे प्रश्न घेतले आहेत, आणि नंतरच्या चर्चेतला बराचसा गोंधळ ते एकात एक मिसळल्याने झाला आहे.

पहिली जागा दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादातली (अध्यायाच्या चौथ्या भागाला पाद म्हणतात), सूत्र ३४. जगात कोणी सुखात जन्मतो, कोणी दुःखात. मग ईश्वर पक्षपाती आणि निर्दय ठरत नाही का? उत्तर ‘सापेक्षत्वात्’, म्हणजे तो जीवांच्या कर्माकडे पाहून देतो. आठव्या शतकातल्या अद्वैती भाष्यकाराने, शंकराचार्यांनी, इथे पावसाचा दृष्टान्त दिला. पाऊस भाताला आणि जवाला सारखाच पडतो, फरक बीजातला. पुढच्याच सूत्रात आक्षेप आहे की सृष्टीच्या आधी कर्म कुठून आलं? त्यावर संसार अनादी आहे, असं उत्तर.

दुसरी जागा त्याच अध्यायाच्या तिसऱ्या पादाच्या उत्तरार्धात आहे. जीव हा कर्ता आहे हे आधी ठरवलं जातं, कारण तो कर्ता नसेल तर शास्त्राच्या आज्ञा कोणाला? मग ‘परात्तु तच्छ्रुतेः’, हे कर्तेपणही परमेश्वराकडूनच येतं, कारण श्रुती, म्हणजे वेद-उपनिषदं, तसं सांगते. आणि लगेच बेचाळिसावं सूत्र येतं, ‘कृतप्रयत्नापेक्षस्तु विहितप्रतिषिद्धावैयर्थ्यादिभ्यः’. ईश्वर करवतो खरा, पण जीवाने केलेल्या प्रयत्नाकडे पाहून. नाहीतर विधी आणि निषेध फुकट जातील.

इथे खरी अडचण सुरू होते. ईश्वर प्रयत्नाकडे पाहून करवत असेल, तर तो प्रयत्न कोण करवतो? तोही ईश्वर, असं म्हटलं तर काहीच सुटलं नाही. जीव स्वतः, असं म्हटलं तर निदान एक गोष्ट सर्वशक्तिमान ईश्वराच्या हाताबाहेर आहे.

अद्वैती भाष्यकाराचं उत्तर दोन पायऱ्यांचं. कर्तेपण पराधीन असलं तरी करतो जीवच. करणाऱ्यालाच ईश्वर करवतो. शिवाय आताचं करवणं आधीच्या प्रयत्नाकडे पाहून, त्या वेळचं त्याच्याही आधीच्या प्रयत्नाकडे पाहून, आणि संसार अनादी असल्याने यात दोष नाही. पहिली पायरी मला मोलाची वाटते. दुसरीने प्रश्न सुटत नाही, मागे मागे सरकत राहतो. साखळी कितीही लांब असली तरी तिच्या प्रत्येक कडीबाबत तोच प्रश्न विचारता येतो. आणि या उत्तराचा एक परिणाम असा झाला की स्वातंत्र्याचा प्रश्न जन्मातल्या विषमतेच्या प्रश्नाला कायमचा बांधला गेला. माझी आजची कृती समजावून सांगायलाही मागचा जन्मच पुढे येतो.

सुमारे तीन शतकांनी श्रीरंगमच्या आचार्यांनी, रामानुजांनी, याच सूत्रावर जे लिहिलं ते वेगळ्या वाटेने जातं. जीवाने केलेला उद्योग पाहून अंतर्यामी परमात्मा अनुमती देतो आणि त्या अनुमतीने कृती घडते, असं ते म्हणतात. त्यांचा दृष्टान्त चक्क मालमत्तेचा आहे. दोघांच्या सामायिक धनातलं काही तिसऱ्याला द्यायचं तर दुसऱ्या मालकाच्या संमतीवाचून देता येत नाही. तरीही संमती मिळवून एकाने ते दिलं, तर देणं त्याचंच आणि फळही त्याचंच. सातबाऱ्यावर दोन भावांची नावं असलेल्या घरात हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. दुसऱ्याची सही लागते म्हणून व्यवहार दुसऱ्याने केला असं कोणी म्हणत नाही.

या उत्तरात पहिली हालचाल जीवाची आहे. ईश्वराला ती रोखता येते, पण तो रोखत नाही. म्हणजे इथे शक्ती कमी झालेली नाही, ती वापरायची नाही असं ठरलेलं आहे. मग कौषीतकीच्या त्या अवघड वाक्याचं काय? त्यावर आचार्य म्हणतात की ते सरसकट सगळ्यांबद्दल नाही. जो अत्यंत अनुकूल वागायचं ठरवून बसला आहे त्याला ईश्वर चांगल्याची गोडी लावतो, जो अत्यंत प्रतिकूल आहे त्याला उलट दिशेची. मधली सगळी माणसं आपल्या प्रयत्नावर आहेत. हा अर्थ वाक्याला थोडा ताणतो, हे कबूल केलं पाहिजे. तरी जबाबदारी कुठे आहे हे बोट ठेवून दाखवणारं उत्तर म्हणून मला हेच सगळ्यांत भक्कम वाटतं. याच आचार्यांनी जन्मातल्या विषमतेसाठी पूर्वकर्माचं उत्तरही मान्य केलं आहे. पण त्यांच्या मांडणीत आजची कृती समजायला त्या उत्तराची तितकी गरज पडत नाही.

या संप्रदायातही पुढे फाटा फुटलाच. माकडाचं पिल्लू आईला धरतं, मांजराचं पिल्लू आईच उचलते. मोक्षात जीवाचा प्रयत्न किती लागतो यावर दोन शाखा या दोन न्यायांनी ओळखल्या जाऊ लागल्या. तेराव्या शतकात उडुपीच्या द्वैती आचार्यांनी, मध्वांनी, तिसरा मार्ग धरला. त्यांच्या मते जीवांची योग्यताच अनादी काळापासून वेगवेगळी आहे. काही मुक्तीला पात्र, काही कायम संसारात राहणारे, काही अंधारात जाणारे. ईश्वर ती योग्यता फक्त प्रकट करतो. महाराष्ट्रात या संप्रदायाची देशस्थ घराणी आजही आहेत. तर्क म्हणून ही मांडणी नीटस आहे, पण स्वातंत्र्याच्या बाजूने ती सर्वांत कठोर. कोणाचं काय होणार हे त्याच्या स्वभावातच लिहिलेलं असेल, तर ‘तुला वाटेल तसं कर’ या शब्दांत फारसं काही उरत नाही.

एक फरक इथेच नोंदवायला हवा. पश्चिमेकडे या वादाचा मोठा भाग जाणण्याभोवती फिरला. मी उद्या काय करणार हे देवाला आजच ठाऊक असेल तर मी वेगळं करू शकतो का? सहाव्या शतकात एका रोमन अधिकाऱ्याने मृत्युदंडाची वाट पाहत असताना लिहिलं की देव काळाबाहेर आहे, त्याला सगळं एकदमच दिसतं, आणि नुसतं पाहिल्याने कोणाला काही करणं भाग पडत नाही. आपल्याकडे ईश्वर मानणाऱ्यांनी त्याची सर्वज्ञता मान्यच केली, पण भांडण झालं ते करवण्यावरून. त्या बाबतीत आपला वाद इस्लामी धर्मशास्त्रातल्या वादाला जवळचा आहे. तिथे दहाव्या शतकापासून एका मोठ्या पंथाने कृती निर्माण करतो अल्लाह आणि माणूस ती कमावतो, असा तोडगा धरला.

मराठीत हा विषय ग्रंथांतून कमी आणि अभंगांतून जास्त पोचला. ‘ठेविले अनंते तैसेचि रहावे’ म्हणणारा कवीच ‘असाध्य ते साध्य करिता सायास’ म्हणतो. त्याच्या गाथेतून लोकांनी आपापल्या सोयीचा चरण उचलला. १९०० साली प्रसिद्ध झालेल्या मराठ्यांच्या इतिहासावरच्या एका इंग्रजी ग्रंथात मुंबईच्या एका न्यायमूर्तींनी संतांच्या चळवळीला स्वराज्याच्या घडणीत मोठा वाटा दिला. उलट, कागदपत्रांचे ढीग उपसणाऱ्या एका इतिहासकाराने संतांनी समाजाला निष्क्रिय केलं असा ठपका ठेवला. दोघांच्याही मनात खरा प्रश्न हाच होता की देवावर भार टाकणारा माणूस हातपाय हलवतो की नाही.

त्याआधीच एक वेगळा हल्ला झाला होता. काशीत वाढलेल्या आणि १८४८ साली ख्रिस्ती झालेल्या एका चित्पावन पंडिताने सहा दर्शनांची हिंदीत चिकित्सा लिहिली. अनादी कर्म या उत्तरावर त्यानेही कडाडून टीका केली. तो शास्त्र शिकलेला असल्याने त्याची टीका मिशनऱ्यांच्या पत्रकांसारखी झटकून टाकता येत नव्हती.

मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात लिहिलेला आणि १९१५ साली पुण्यात छापलेला गीतेवरचा ग्रंथ या पार्श्वभूमीवर वाचला पाहिजे. त्याचं दहावं प्रकरण कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य यांवरच आहे. लेखकाने पाश्चात्त्य विचारवंतांचा इच्छास्वातंत्र्याचा वाद समोर ठेवला आणि तो वेगळ्या जागी नेला. इच्छा हा मनाचा धर्म, मन प्रकृतीचं, आणि प्रकृती कर्माने बांधलेली. म्हणून स्वातंत्र्य शोधायचं तर आत्म्यात. संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण ही सर्वपरिचित त्रयीही त्याने बाजूला ठेवली. सूत्रकारांप्रमाणे फळ द्यायला लागलेलं कर्म आणि न लागलेलं कर्म, असे दोनच भाग मानले. कर्माचं चक्र एकदा सुरू झालं की परमेश्वरही त्यात हात घालत नाही, असं तो स्पष्ट लिहितो. राजद्रोहाची सहा वर्षांची शिक्षा भोगणाऱ्या माणसाने नशिबाचा बोजा इतका कमी करून दाखवावा, याचं वजन त्या काळच्या वाचकांना नक्कीच जाणवलं असणार.

पण त्या ग्रंथाने पूर्वकर्माचं उत्तर सोडलं नाही. ते सोडणारे दोघे महाराष्ट्रातलेच. पुण्यात १८९१ साली, लेखकाच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या सत्यधर्माच्या पुस्तकात निर्मिक सगळ्या स्त्रीपुरुषांना जन्मतः स्वतंत्र निर्माण करतो, हे पहिल्या तत्त्वांपैकी एक आहे. तिथे ईश्वर आहे, तो शक्तिमान आहे, आणि माणसाचं स्वातंत्र्य त्याचीच देणगी आहे. मागच्या जन्माचा हिशेब मात्र नाही. नागपूरच्या धर्मांतरानंतर वर्षभराने, १९५७ साली, पुन्हा लेखकाच्या पश्चात आलेल्या धम्मग्रंथात ईश्वरही गेला आणि गतजन्मीच्या कर्माची शिकवणही. त्या शिकवणीचा एकच उपयोग दिसतो, असं तिथे म्हटलं आहे, तो म्हणजे गरीब आणि खालच्या मानलेल्या माणसांच्या स्थितीची जबाबदारी राज्याला आणि समाजाला टाळता यावी. तिकनिपातातला आक्षेप इथे सामाजिक होऊन परत येतो.

या टीकेने सगळा वाद निकालात निघाला असं अनेकदा मानलं जातं. तसं नाही. तिचा रोख ब्रह्मसूत्रांतल्या २.१.३४ च्या (दुसरा अध्याय, पहिला पाद, सूत्र ३४) उत्तरावर आहे, जन्मातली विषमता न्याय्य ठरवणाऱ्या भागावर, आणि तिथे ती अचूक लागते. २.३.४२ चा प्रश्न वेगळा आहे. सर्वज्ञ, सर्वशक्तिमान ईश्वर मानणाऱ्या माणसाने आज आपल्या हातून झालेली गोष्ट आपली म्हणावी की नाही? त्याचं सामायिक मालकीचं उत्तर पूर्वजन्म न मानताही उभं राहतं. ज्यांना ईश्वर हवा आहे पण जातीचं समर्थन नको आहे, त्यांना ही दोन सूत्रं एकमेकांपासून सोडवून घ्यावी लागतील. परंपरेतल्या भाष्यकारांपैकी कोणी हे काम केल्याचं मला ठाऊक नाही.