एएडी आणि आरएसएल: दोन्ही रिझर्व्ह उघडतात, पण एकाचं काम दुसऱ्याला जमत नाही

स्कायडायव्हिंगचं नवीन लायसन्स मिळालेली मंडळी स्वतःची रिग, म्हणजे मेन (मुख्य) आणि रिझर्व्ह (राखीव) अशा दोन पॅराशूटांचा पाठीवरचा संच, घ्यायला निघाली की एक वाक्य हमखास ऐकू येतं, "एएडी आहे ना रिगमध्ये, मग आरएसएल काढून टाकली तर काय बिघडलं?" आणि उलटंही ऐकलंय, आरएसएल आहे म्हणून एएडी पुढच्या वर्षी घेऊ, आत्ता पैसे नाहीत. दोन्ही वेळा माझ्या पोटात गोळा येतो, कारण बोलणारा हुशार असतो, जंप नीट करतो, फक्त ही दोन यंत्रं एकाच कामाची आहेत असं कुणीतरी त्याच्या डोक्यात घातलेलं असतं. दोन्ही आणीबाणीत रिझर्व्ह उघडतात एवढंच साम्य आहे, पुढे सगळं वेगळं.

आधी एएडी, म्हणजे ऑटोमॅटिक अ‍ॅक्टिव्हेशन डिव्हाइस. हा एक छोटा कॉम्प्युटर आहे, तो हवेचा दाब मोजत राहतो आणि त्यावरून तुमची उंची आणि खाली येण्याचा वेग काढतो. सायप्रेस नावाच्या एएडीचं एक्स्पर्ट मॉडेल घ्या, ते साधारण 750 फुटांवर, म्हणजे 225 मीटरच्या आसपास, तुम्ही अजून सेकंदाला 35 मीटरपेक्षा जास्त वेगानं पडत असाल तर चालतं. पोटावर आडवं पडणारा माणूस सेकंदाला पन्नास-पंचावन्न मीटरनं खाली येतो, म्हणजे त्या क्षणी जमीन चार-साडेचार सेकंदांवर असते. टॅन्डमचं, म्हणजे दोघांनी एकत्र बांधून करायच्या जंपचं, मॉडेल बरंच वर, 1,900 फुटांवर चालतं आणि स्टुडंटचं मॉडेल कमी वेगालाही चालतं, सेकंदाला 13 मीटर. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एएडीला तुमच्याकडून काहीच लागत नाही. तुम्ही बेशुद्ध असा, कुणी डोक्यावर आदळलेलं असो, उंचीचं भान गेलेलं असो, त्याला फक्त उंची आणि वेग दिसतो.

आरएसएल म्हणजे रिझर्व्ह स्टॅटिक लाइन, आणि तिच्यात कॉम्प्युटर नाही, बॅटरी नाही, काही नाही. मेनच्या एका रायझरपासून, म्हणजे मेनच्या दोऱ्या ज्याला जोडलेल्या असतात त्या खांद्यावरच्या पट्ट्यापासून, रिझर्व्हच्या पिनपर्यंत गेलेली एक पट्टी, बास. तुम्ही कटअवेचं, म्हणजे मेन तोडून टाकायचं, हँडल ओढलंत की मेन सुटून वर जातं, जाताना रायझर ती पट्टी ओढतो आणि पट्टी रिझर्व्हची पिन काढते. कल्पना जुनी आहे, पेरी स्टीव्हन्सच्या नावानं स्टीव्हन्स लॅन्यार्ड म्हणून जुने लोक ओळखतात. नावात स्टॅटिक लाइन आहे म्हणून काही जणांना वाटतं की विमानाला बांधलेल्या दोरीसारखं काहीतरी असेल, पण इथे दोरीचं दुसरं टोक विमानाला नसतं, तुमच्याच सुटलेल्या मेनला असतं. त्यामुळे मेन सुटल्याशिवाय आरएसएल काहीही करत नाही.

मला हा फरक खरा समजला तो रिगरच्या, म्हणजे रिझर्व्ह पॅक करणाऱ्या तंत्रज्ञाच्या, टेबलावर. एएडीनं उघडलेलं एक रिझर्व्ह पुन्हा पॅक व्हायला आलं होतं. लाल रिझर्व्ह हँडल खिशात जसंच्या तसं. पिनला कुणी हात लावलेला नव्हता. खाली क्लोजिंग लूपचा, म्हणजे पिन ज्यातून जाते आणि रिझर्व्ह बंद ठेवते त्या दोरीच्या फासाचा, तुकडा मात्र ब्लेडनं कापल्यासारखा सरळ तुटलेला, आणि शेजारी कटर, म्हणजे बोटाच्या पेराएवढा धातूचा दंडगोल, त्याच्या भोकातून तो लूप गेलेला असतो आणि आत बारूदाची छोटीशी मात्रा असते. रिगर म्हणाला, "बघ, आरएसएल वरून पिन ओढते, हा खालून लूप कापतो, दार एकच आहे पण दोघं वेगवेगळ्या बाजूनं उघडतात." तेव्हापासून मी कुणालाही समजावताना आधी पिन आणि लूप दाखवतो, बाकीचं आपोआप कळतं.

आता प्रसंग बघा. पहिला, मेन बाहेरच आलं नाही. पायलट चूट, म्हणजे मेनला ओढून बाहेर काढणारी छोटी छत्री, काढलीच नाही किंवा हँडल सापडलं नाही आणि माणूस शोधत बसला. इथे आरएसएल पूर्ण निरुपयोगी, कारण रायझर कंटेनरमध्येच आहेत, कटअवे ओढला तरी काही वर जाणार नाही, पट्टीला ताण कुठून येणार? पायलट चूट बाहेर येऊन मेनची घडी असलेली बॅग आतच अडकली तरी तेच. म्हणून ट्रेनिंगमध्ये घोकून घेतात की कटअवेनंतर रिझर्व्हचं हँडल स्वतः ओढायचंच, आरएसएल आहे म्हणून थांबायचं नाही. तरीही ते ओढलं गेलं नाही, तर या प्रसंगात पाठीशी एएडीच आहे.

दुसरा प्रसंग उलटा आहे आणि इथेच लोक फसतात. मेन उघडलं पण धड उघडलं नाही, गरगर फिरतंय, लाइन ट्विस्ट आहेत, म्हणजे दोऱ्यांना पीळ पडलाय, तुम्ही सेकंदाला पंधरा-वीस मीटरनं खाली येताय. या वेगानं जमिनीवर आपटलात तर जगणं अवघड आहे, पण 35 च्या खाली आहात म्हणून एक्स्पर्ट एएडी चालणार नाही, त्याच्या लेखी तुमच्या डोक्यावर कॅनॉपी, म्हणजे उघडलेलं पॅराशूट, आहे. आणि समजा मेन इतकं बिघडलंय की वेग 35 च्या वर आहे, तर एएडी रिझर्व्ह सोडेल, पण मेन तोडणार नाही, म्हणजे रिझर्व्ह त्या बिघडलेल्या मेनच्या पसाऱ्यातून वर जाणार. मेन तोडणं हे कायम तुमचंच काम आहे. ते केलंत की उरलेलं अर्धं आरएसएल करते, आणि ते जवळजवळ लगेच करते.

"कटअवेनंतर मी काही केलं नाही तर एएडी आहेच की," यावर थोडं गणित करू. 2,000 फुटांवर, म्हणजे सहाशे मीटरवर कटअवे केला आणि दुसरं हँडल सापडलं नाही. एएडी तुम्हाला 225 मीटरपर्यंत खाली येऊ देईल, आठ-नऊ सेकंद, आणि तोवर तुम्ही पुन्हा फ्रीफॉलच्या वेगाजवळ पोचलेले असाल. ते चालेल, रिझर्व्ह उघडायला दोन-तीन सेकंद, खाली थोडी जागा उरेल. आता हाच कटअवे 200 मीटरवर झाला असं धरा, जो करायलाच नको, पण लोक करतात. त्या क्षणी वेग सेकंदाला पंधरा असेल तर 35 पर्यंत जायला आणखी निदान पन्नासेक मीटर पडावं लागतं, मग लूप कापला जाणार, मग रिझर्व्ह उघडायला लागणार, तेव्हा जमीन दीडशे मीटरवर आहे आणि रिझर्व्ह शंभर मीटर खाऊ शकतं. आरएसएल त्या पन्नास मीटरांची वाटच बघत नाही. कमी उंचीवरच्या कटअवेत पन्नास मीटर म्हणजे सगळं काही. अमेरिकेची स्कायडायव्हिंग संघटना यूएसपीए 1,000 फुटांखाली कटअवे करू नका म्हणते आणि बी लायसन्सपासून (ए ते डी अशा चढत्या पायऱ्या असतात) पुढच्यांना निर्णय 1,800 फुटांपर्यंत घ्या म्हणते, ते याच हिशोबानं.

माझा आजवर एकच कटअवे झालाय. डाव्या बाजूनं गरगर सुरू झाली, दोनदा लाथा मारून ट्विस्ट सोडवायचा प्रयत्न केला, अल्टिमीटर बघितला आणि उजवं, म्हणजे कटअवेचं, हँडल ओढलं. डावा हात लाल हँडलवर होता, बोटं आत गेलेली मला आठवतात, आणि ते ओढेपर्यंत डोक्यावर रिझर्व्ह होतं. मी खाली आल्यावर कितीतरी वेळ ते हँडल हातात धरून बसलो होतो. मला वाटायचं माझा हात फास्ट आहे, तर नाही, पट्टी फास्ट होती.

मग आरएसएल नको म्हणणारे वेडे आहेत का? अजिबात नाही, त्यांचं म्हणणं ऐकलं पाहिजे. मुख्य भीती ही की छोट्या, आकाराच्या मानानं जास्त वजन पेलणाऱ्या मेनवर जोरात फिरताना कटअवे केला तर शरीर बाहेर फेकलं जातं, पाठ जमिनीकडे, हातपाय कुठेही, आणि त्याच अवस्थेत रिझर्व्ह बाहेर येणार. ट्विस्ट येऊ शकतात, पायात किंवा हेल्मेटवरच्या कॅमेऱ्यात काहीतरी अडकू शकतं. कॅमेरा फ्लायर लोक वर्षानुवर्षं म्हणूनच आरएसएल काढत आलेत, "आधी स्थिर होऊ, मग ओढू." माझं मत सांगतो. रिझर्व्ह मेनपेक्षा बरंच शांत डिझाइनचं असतं, ट्विस्ट आले तरी ते सहसा मेनसारखं गरगरत सुटत नाही. आणि "आधी स्थिर होऊ" म्हणणारा माणूस स्वतः कटअवेनंतर किती उंची घालवणार आहे हे त्या क्षणी मोजू शकत नाही. कटअवे केला पण रिझर्व्ह वेळेत उघडलं नाही, असे मृत्यू या खेळात वारंवार झालेत, आणि ते वाचताना मला प्रत्येक वेळी वाटतं की एक साधी पट्टी हवी होती.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. आरएसएल ज्या रायझरला आहे तोच रायझर तुटला तर? पिन ओढली जाणार, रिझर्व्ह निघणार, आणि दुसऱ्या रायझरवर मेन अजून लटकलेलं. यावर कॉलिन्स लॅन्यार्ड आला, तो दुसरी बाजूही सोडतो. आणि पुढे बिल बूथनं, ज्यानं मेन तोडायची थ्री-रिंग रिलीज आणली त्यानंच, स्कायहुक आणला. असल्या सिस्टिमला मार्ड म्हणतात. साधी आरएसएल फक्त पिन काढते, मार्डमध्ये सुटून जाणारं मेनच मोठ्या पायलट चूटसारखं रिझर्व्हची बॅग ओढून बाहेर काढतं, त्यामुळे उंची फार थोडी जाते आणि शरीराला गरगरायला वेळही कमी मिळतो. मार्ड आल्यावर कॅमेरा फ्लायरांपैकी बऱ्याच जणांनी मत बदललेलं मी बघितलंय.

एएडीवरचा वाद वेगळा होता आणि जास्त भावनिक होता. 1991 मध्ये जर्मनीच्या हेल्मुट क्लोटनं सायप्रेस आणलं, त्याआधीची एफएक्ससी 12000 सारखी यंत्रं यांत्रिक होती, कोणत्या उंचीला चालतील त्यात फरक पडायचा, आणि रिलेटिव्ह वर्क, म्हणजे फ्रीफॉलमध्ये अनेकांनी जवळजवळ उडणं, करताना मध्येच एखाद्याचं रिझर्व्ह निघालं तर वरून येणाऱ्याच्या जिवावर बेतलं असतं. त्यामुळे अनुभवी लोक एएडी म्हणजे स्टुडंटची गोष्ट म्हणायचे, त्यामागे गर्व होता तसं कारणही होतं. सायप्रेसनं ते कारण काढून घेतलं, गर्व मात्र बराच काळ उरला. अजूनही एएडीनं वाचलेला माणूस ड्रॉप झोनवर, म्हणजे जंपच्या मैदानावर, मान खाली घालून फिरतो, काही जण तर सांगतच नाहीत. मला हे फार चुकीचं वाटतं. त्यानं काय केलं, कुठे वेळ गेला, हे उघड सांगितलं तर पुढचा शिकेल, आणि तो स्वतःही इन्स्ट्रक्टरकडे परत जाईल.

एएडीचा एक खरा धोका मात्र नीट समजून घ्या, टू-आउट. मेन उशिरा, खाली उघडलं, ते अजून हळूहळू भरतंय आणि तेवढ्यात 750 फूट आले तर रिझर्व्हही निघणार, दोन कॅनॉपी डोक्यावर. आजच्या मेन मऊ उघडायला शे-दोनशे मीटर घेतात. 2013 मध्ये यूएसपीएनं सी आणि डी लायसन्सवाल्यांची मेन उघडायची किमान उंची 2,000 वरून 2,500 फूट केली, त्यामागे हाच विचार होता. स्वूप, म्हणजे जमिनीजवळ जोरदार टर्न घेऊन वेगात लँडिंग, करणाऱ्यांचा प्रश्न आणखी निराळा, जोरदार टर्नमध्ये कॅनॉपीखालीच एएडीचा वेग गाठला जाऊ शकतो, म्हणून त्यांच्यासाठी जास्त वेगाला चालणारं वेगळं मॉडेल असतं. नेहमीचं एक्स्पर्ट लावून मोठे टर्न करू नका.

रोजच्या वापरात दोघांच्या चुका पण वेगळ्या. सायप्रेस चालू करताना बटण चारदा दाबायचं, लाल दिवा लागला की लगेच, मग आकडे उलटे मोजत शून्यावर येतात. त्या वेळचा जमिनीवरचा दाब त्याच्यासाठी शून्य उंची असते, म्हणून ते ड्रॉप झोनवरच चालू करा, घरी नाही, विमानात तर नाहीच नाही. चौदा तासांनी ते आपोआप बंद होतं. गाडीनं दुसरीकडे जाऊन आलात तर बंद करून पुन्हा चालू करा. आरएसएलमध्ये विसरण्याची चूक असते. जोरात वारा असताना लँडिंगनंतर कॅनॉपी ओढत नेत असेल तर मेन सोडावं लागतं, आणि त्याआधी शॅकलची, म्हणजे आरएसएल रायझरला जोडणाऱ्या कडीची, लाल टॅब ओढून आरएसएल सोडली नाही तर रिझर्व्ह पण बाहेर येतं. म्हणून लोक वाऱ्याच्या दिवशी ती सोडतात, आणि पुढच्या जंपला जोडायची विसरतात. दुसऱ्याशी कॅनॉपी गुंतली असेल किंवा दोन कॅनॉपी बाहेर असतील तेव्हाही कटअवेच्या आधी आरएसएल सोडायची असते, हे हवेत नाही, जमिनीवर हार्नेसमध्ये लटकून सराव करायचं काम आहे.

विमानात चढण्याआधी शेजाऱ्याची पिन चेक करता ना, तेव्हा त्याच नजरेत दोन गोष्टी बघा, एएडीची स्क्रीन चालू आहे का आणि उजव्या-डाव्या ज्या रायझरवर असेल तिथे शॅकल पूर्ण बसलंय का. मागच्या सीझनला मी एका ओळखीच्या माणसाची रिग अशी तपासली तर स्क्रीन चालू होती आणि आरएसएल मोकळी लोंबत होती, दोन दिवस आधीच्या वाऱ्यापासून. त्यानं त्यावर सात जंप केल्या होत्या.