तारापूर आणि जैतापूर: अणुभट्टीच्या दोन जाती

कोकणात अणुऊर्जेचा विषय निघाला की तारापूर, जैतापूर आणि फुकुशिमा ही तीन नावं एका दमात घेतली जातात. जैतापूर प्रकल्पाची जागा, माडबन, ज्या राजापूर तालुक्यात आहे तिथे तर 2011 मध्ये जपानच्या फुकुशिमात त्सुनामीनंतर अणुभट्ट्या वितळल्यापासून हे जास्तच. "फुकुशिमात झालं तेच माडबनला होणार," असं एक बाजू म्हणते. "ती भट्टी वेगळी, ही वेगळी," असं म्हणून दुसरी बाजू विषय मिटवते. मला दोन्ही उत्तरं अपुरी वाटतात. भट्टी वेगळी आहे हे खरंच. पण ती कशात वेगळी आणि कशात जराही वेगळी नाही, हे किनाऱ्यावर राहणाऱ्याला नीट कळायला हवं.

तारापूरची पहिली दोन युनिट्स 1969 मध्ये सुरू झाली. अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकने उभारलेल्या या बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळत्या पाण्याच्या भट्ट्या. फुकुशिमा दाइचीच्या भट्ट्याही याच घराण्यातल्या, तिथलं पहिलं युनिट 1971 चं. तेव्हा फुकुशिमाचं नातं लावायचंच तर ते जैतापूरशी नाही, तारापूरशी लागतं. जैतापूरला ज्या सहा भट्ट्या यायच्या आहेत त्या फ्रेंच बनावटीच्या ईपीआर, मूळ योजनेत प्रत्येकी 1650 मेगावॅटच्या. त्यांची जात पीडब्ल्यूआर, म्हणजे दाबाखालच्या पाण्याची.

दोन्हींत इंधन समृद्ध, म्हणजे सहज फुटणाऱ्या अणूंचं प्रमाण वाढवलेल्या, युरेनियमचं. दोन्हींत साधं पाणीच अणू फोडणाऱ्या न्यूट्रॉनचा वेग कमी करतं आणि उष्णताही वाहून नेतं. फरक आहे तो वाफ कुठे तयार होते यात. बीडब्ल्यूआरमध्ये पाणी इंधनाच्या कांड्यांपाशीच उकळतं, साधारण 70 बार (हवेच्या दाबाच्या सुमारे 70 पट) दाबाला, आणि तीच वाफ थेट टर्बाइनवर जाते. त्या वाफेत किरणोत्सारी नायट्रोजन-16 असतो. त्याचं अर्धायुष्य जेमतेम 7 सेकंदांचं, तरी भट्टी चालू असताना टर्बाइनभोवतीही आडोशाच्या भिंती लागतात. पीडब्ल्यूआरमध्ये दाब 155 बारच्या घरात. त्यामुळे पाणी 300 अंशांच्या वर तापूनही उकळत नाही. ते स्टीम जनरेटरच्या हजारो बारीक नळ्यांमधून फिरतं, नळ्यांबाहेरचं दुसरं पाणी उकळतं आणि टर्बाइनला स्वच्छ वाफ मिळते. त्या बदल्यात या नळ्यांची राखण आयुष्यभर करावी लागते. तारापूरलाही याची झळ बसली आहे. तिथल्या मूळ रचनेत वाफेचा एक दुय्यम मार्ग अशाच जनरेटरमधून होता. त्यांच्या नळ्या गळू लागल्यावर तो मार्ग बंद केला गेला आणि 210 मेगावॅटचं युनिट 160 वर आलं.

न्यूट्रॉन शोषून भट्टी थांबवणाऱ्या नियंत्रक कांड्यांची दिशाही उलटी. पीडब्ल्यूआरमध्ये त्या वर विद्युतचुंबकांनी धरलेल्या असतात. वीज गेली की आपल्या वजनाने खाली पडतात. बीडब्ल्यूआरमध्ये वरची जागा वाफेतलं पाणी वेगळं करणाऱ्या यंत्रणेने व्यापलेली, म्हणून कांड्या खालून, साठवलेल्या दाबाच्या जोरावर वर सरकतात.

(तारापूरचीच तिसरी आणि चौथी युनिट्स या दोन्हींत बसत नाहीत. ती 540 मेगावॅटची, जड पाण्याची, नैसर्गिक युरेनियमवर चालणारी. तिथे एका मोठ्या दाबपात्राऐवजी 392 नळ्यांत इंधन असतं.)

आता सुरक्षेचं. विखंडन, म्हणजे अणू फुटण्याची साखळी, थांबवणं हा दोन्हींत काही सेकंदांचा खेळ. फुकुशिमातही भूकंप होताच कांड्या बरोबर आत गेल्या होत्या. पण भट्टी बंद झाल्यावरही इंधनातले किरणोत्सारी अंश उष्णता देतच राहतात. सुरुवातीला पूर्ण क्षमतेच्या 6 ते 7 टक्के, दिवसभराने अर्ध्या टक्क्याच्या आसपास. ईपीआरची उष्णता साधारण 4500 मेगावॅट धरली, तर बंद झाल्याच्या दुसऱ्या दिवशीही वीसेक मेगावॅट उष्णता बाहेर काढावी लागते. इथे जात कामाला येत नाही. पाणी फिरतं ठेवावं लागतं आणि त्यासाठी वीज लागते.

फुकुशिमाच्या पहिल्या युनिटला विजेविना चालणारा, भट्टीतली वाफ थंड करून पाणी परत भट्टीत सोडणारा आयसोलेशन कंडेन्सर होता. तारापूरच्या जुन्या भट्ट्यांनाही तशीच सोय आहे. पण त्सुनामीने डिझेल जनरेटर बुडवले, बॅटऱ्याही गेल्या, आणि कंडेन्सरच्या झडपा उघड्या आहेत की बंद, हेच नियंत्रण कक्षात कळेना. त्या बंद होत्या.

पीडब्ल्यूआरलाही हे चुकलेलं नाही. अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंडची भट्टी पीडब्ल्यूआरच होती. 1979 मध्ये तिथे एक झडप उघडी अडकली, कर्मचाऱ्यांनी गैरसमजातून आणीबाणीचं पाणी कमी केलं आणि जवळपास अर्धा गाभा, म्हणजे भट्टीतला इंधनाचा भाग, वितळला. तरी कंटेनमेंट, म्हणजे भट्टीभोवतीचं बंदिस्त कवच, टिकलं. पीडब्ल्यूआरचं कंटेनमेंट प्रशस्त असतं, जुन्या बीडब्ल्यूआरचं लहान, वाफ पाण्याच्या टाकीत जिरवण्यावर भिस्त ठेवणारं. माझ्या मते दोन जातींतला सुरक्षेचा सगळ्यांत मोठा फरक हाच. ईपीआरमध्ये त्यावर दुहेरी भिंत, थंड करण्याच्या चार स्वतंत्र यंत्रणा आणि वितळलेला गाभा झेलणारी खालची जागा, अशी भर आहे. ही भर स्वस्त नाही आणि झटपट होणारीही नाही. फिनलंडच्या ओल्किलुओटोला ईपीआरचं काम 2005 मध्ये सुरू झालं, नियमित वीज 2023 मध्ये मिळाली.

माडबनचा सडा (कातळाचं पठार) समुद्रापासून पंचवीसेक मीटर उंच आहे. लाटेपासून भट्टीला त्याचा मोठा आधार. पण समुद्राचं पाणी ओढणारे पंप वर सड्यावर बसत नाहीत. 2004 च्या त्सुनामीत तमिळनाडूतल्या कल्पाक्कमच्या अणुवीज केंद्रात पाणी शिरलं ते पंपहाऊसमध्येच. चालू असलेली भट्टी तिथे सुरक्षित बंद करता आली. म्हणून जैतापूरबद्दल मला विचारायचंय ते हे: आषाढात दरडी कोसळून रस्ते बंद, वाऱ्याने विजेचे मनोरे आडवे, अशा वेळी डिझेल किती दिवसांचं असेल? जनरेटर कुठल्या उंचीवर? आणि वैशाखात सड्यावरच्या विहिरी तळ गाठतात, तेव्हा गोड्या पाण्याचा राखीव साठा किती आणि कुठे?