"कार्ड किती जीबीचं?" : ग्राफिक्स कार्डाची मेमरी आणि ग्राफिक्स कार्डाची ताकद

नागपुरात बर्डीवरच्या कुठल्याही कॉम्प्युटरच्या दुकानात दहा मिनिटं उभं राहा. गेमिंग पीसी जुळवायला आलेलं पोरगं काउंटरवर पहिला प्रश्न हाच विचारतं, "भाऊ, कार्ड किती जीबीचं हाय?" कार्ड म्हणजे ग्राफिक्स कार्ड, पडद्यावरचं चित्र तयार करणारा भाग; जीबी हे त्याच्या मेमरीचं माप. दुकानदारही त्याच भाषेत सांगतो, दोन जीबी इतक्याला, चार जीबी तितक्याला. दोघांचं समाधान होतं आणि सौदा चुकीच्या आकड्यावर ठरतो. ओळखीपाळखीच्या लोकांना मशीन जुळवून देताना या एका प्रश्नापायी जितके पैसे बुडालेले पाहिले, तितके दुसऱ्या कशापायी पाहिले नाहीत. म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

रॅम तुम्हाला ठाऊक आहे, त्यामुळे तो भाग थोडक्यात. मदरबोर्डवर रॅमच्या काड्या असतात तशी कार्डाची स्वतःची मेमरी असते, तिला व्हीरॅम म्हणतात. ती कार्डावरच डाग देऊन बसवलेली असते, नंतर वाढवता येत नाही. ती फक्त साठवते: भिंतींचे, गवताचे, गाडीच्या पत्र्याचे टेक्स्चर, म्हणजे पृष्ठभागांवर चिकटवायची चित्रं, आणि तयार होत असलेली फ्रेम, म्हणजे पडद्यावर येणारं एक चित्र.

चित्र काढते ती चिप. ताकद म्हणायची ती तिची.

संत्र्याच्या हंगामात कळमना मार्केटला गेला असाल तर हे लगेच उमजेल. शेडमध्ये माल उतरतो, माणसं बसून आकारानुसार छाटणी करतात. शेड म्हणजे मेमरी, छाटणी करणारे हात म्हणजे चिप. शेड दुप्पट बांधली आणि छाटायला माणसं तीनच ठेवली, तर दिवसभरात निघणारा माल तेवढाच. आणखी एक गोष्ट लोक विसरतात, ती म्हणजे दार. माल शेडमधून हातापर्यंत किती वेगाने पोहोचतो हे दाराच्या रुंदीवर ठरतं. कार्डाच्या भाषेत ही बस विड्थ. ती आणि मेमरीचा प्रकार, डीडीआर३ की जीडीडीआर६, मिळून बँडविड्थ, म्हणजे सेकंदाला किती माल जातो ते, ठरते.

मानेवाड्यात आमच्या शेजारच्या मुलाने वर्षभर शिकवण्या घेऊन पैसे साठवले आणि शहरातल्या एका दुकानातून कार्ड आणलं. चार जीबी, डब्यावर आकडा अंगठ्याएवढा मोठा. दोन दिवसांनी घरी आला. "काका, चार जीबीचं हाय ना, मग गेम काऊन अटकून राह्यला?" मी जाऊन जीपीयू-झेड हा फुकट प्रोग्राम त्याच्या मशीनवर उघडला. मेमरी टाइप डीडीआर३. बस विड्थ ६४ बिट. बँडविड्थ सेकंदाला १४.४ जीबी. कार्डाची पिढी २०१४ सालची. मग गेम चालू ठेवून बघितलं: चार जीबीपैकी जेमतेम दीड जीबी वापरात, चिप मात्र ९९ टक्क्यांवर, आणि पडद्यावर १५ एफपीएस, म्हणजे सेकंदाला पंधराच फ्रेम. शेड अर्ध्याहून जास्त रिकामी आणि माणसं घामाघूम.

चार जीबीचंच जीटीएक्स १६५० हे कार्ड बघा. २०१९ साली ते जीडीडीआर५ मेमरी आणि १२८ बिट बस घेऊन आलं, सेकंदाला १२८ जीबी. म्हणजे त्या मुलाच्या कार्डाच्या जवळजवळ नऊपट, आणि चिप कितीतरी जोरकस. काउंटरवर दोन्हींचं नाव एकच, "चार जीबीवालं".

त्याहून चीड येते ती एकाच नावाखाली होणाऱ्या अदलाबदलीची. जीटी १०३० हे कार्ड २०१७ मध्ये जीडीडीआर५ मेमरीचं आलं, सेकंदाला ४८ जीबी. पुढच्या वर्षी त्याच नावाने डीडीआर४ वालं आलं, सेकंदाला १६.८ जीबी. दोन्ही दोन जीबी. बऱ्याच गेममध्ये दुसऱ्याचा वेग पहिल्याच्या निम्म्याच्या आसपास. नाव तेच, जीबी तेवढेच. फरक दिसतो तो डब्याच्या कडेवरच्या बारीक ओळीत.

हे जीबीचे आकडे ठरतात कसे, ते एकदा कळलं की त्यांची भुरळ उतरते. जीडीडीआर६ मेमरीची प्रत्येक चकती, म्हणजे मेमरीची छोटी चिप, सहसा ३२ बिटच्या वाटेने मुख्य चिपला जोडलेली असते. म्हणजे ९६ बिटच्या कार्डावर तीन चकत्या, १२८ वर चार, १९२ वर सहा, २५६ वर आठ. एक चकती १ जीबीची किंवा २ जीबीची. आता आरटीएक्स ३०६० घ्या. बस १९२ बिट, सहा चकत्या, म्हणजे मेमरी एक तर ६ नाही तर १२ जीबी. मधला ८ बसतच नाही. कंपनीने १२ ठेवली. (पुढे ८ जीबीचं ३०६० आलं, ते बस १२८ बिटवर आणूनच.) त्याच पिढीतलं वरचं कार्ड ३०६० टीआय: बस २५६ बिट, १ जीबीच्या आठ चकत्या, म्हणून ८ जीबी. आता काउंटरवर उभ्या माणसाला विचारा, १२ जीबीचं भारी की ८ जीबीचं? तो १२ म्हणेल. प्रत्यक्षात ८ जीबीवाल्या टीआयमध्ये ४८६४ कोअर, म्हणजे छाटणारे हात, १२ जीबीवाल्यात ३५८४, आणि बहुतेक गेममध्ये टीआय चांगलं पुढे. १२ हा आकडा त्या चिपच्या ताकदीतून आलेलाच नाही, दाराच्या मापातून आला आहे.

मग "जीबीकडे बघूच नका" असं सांगणारेही भेटतात, विशेषतः व्हिडिओ बघून शिकलेले. तेही अर्धवट आहे. आरटीएक्स ४०६० टीआय ८ जीबी आणि १६ जीबी अशा दोन रूपांत आलं. चिप तीच, बस तीच १२८ बिट, फक्त एकेका वाटेवर दोन-दोन लावून चकत्या दुप्पट. इथे फरक खरोखर मेमरीचाच आहे. उलट आरटीएक्स ३०५० चं ६ जीबी आणि ८ जीबी बघा. वाटतं की दोनच जीबीचा प्रश्न आहे. पण २०२२ च्या ८ जीबीवाल्यात २५६० कोअर आणि १२८ बिट. २०२४ च्या ६ जीबीवाल्यात २३०४ कोअर आणि ९६ बिट. मेमरी, चिप, दार, तिन्ही कमी. त्याला वेगळी पॉवर केबल लागत नाही, जुन्या ऑफिसच्या पीसीत बसवायला ते बरं पडतं, एवढी त्याची जमेची बाजू आहे. पण "दोन जीबी कमी, बाकी सेम" असं जो सांगेल त्याच्याकडून माल घेऊ नका.

आता खरी मेख. आपल्या मशीनवर गेम अडखळतो तेव्हा कमी काय पडतंय, चिप की मेमरी? इथेच लोक चुकीचा भाग बदलतात, म्हणून जरा सावकाश वाचा.

चिप कमी पडते तेव्हा गेम सगळीकडे सारखाच जड चालतो. मोकळ्या रानात ३० एफपीएस, गल्लीत ३२, गर्दीत २६. जीपीयूचा, म्हणजे चिपचा, वापर सतत ९५ टक्क्यांच्या वर. रिझोल्यूशन, म्हणजे चित्रातल्या ठिपक्यांची संख्या, १०८० वरून ७२० वर आणलं की एफपीएस टुणकन वर जातात. सावल्या, प्रकाश, प्रतिबिंबं कमी केली तरी फरक पडतो. टेक्स्चर हाय वरून लो केलं, तर मात्र जवळपास काहीच बदलत नाही.

मेमरी कमी पडते तेव्हा चित्र वेगळं. सरासरी ६०–७० एफपीएस दिसतात, पण कोपरा वळलात की डोळ्याची पापणी लवेपर्यंत सगळं थिजतं. भिंत आधी मातीच्या गोळ्यासारखी दिसते, दोन सेकंदांनी विटा उमटतात. काही गेम तर एफपीएस खाली येऊच देत नाहीत, गुपचूप हलक्या दर्जाचे टेक्स्चर लावून मोकळे होतात, आणि माणूस म्हणतो की गेमचे ग्राफिक्सच खराब आहेत. रिझोल्यूशन कमी केल्याने थोडाच आराम पडतो. टेक्स्चर एक पायरी खाली आणलं की झटके बंद.

कारण सरळ आहे. टेक्स्चरचा भार शेडवर पडतो, हातांवर फारसा नाही. सावल्या, प्रकाश आणि रिझोल्यूशन यांचा मुख्य भार हातांवर. म्हणून मेमरी मुबलक आणि चिप बेताची असेल तर टेक्स्चर बिनधास्त हाय ठेवा, बाकीचं उतरवा. चिप जोरकस आणि मेमरी तुटपुंजी असेल तर नेमकं उलट.

शेड भरली की उरलेला माल बाहेरच्या गोदामात, म्हणजे मदरबोर्डच्या रॅममध्ये जातो आणि तिथून स्लॉटच्या रस्त्याने आणावा लागतो. या स्लॉटला पीसीआय एक्सप्रेस म्हणतात. त्याच्या ३.० पिढीचा पूर्ण १६ लेनचा रस्ता सेकंदाला साधारण १६ जीबी नेतो. चार लेन असतील तर ४ जीबी. आरएक्स ६५०० एक्सटी हे कार्ड नेमकं ४ जीबीचं आणि चारच लेनचं आहे. जुन्या ३.० बोर्डावर ते लावलं आणि मेमरी भरली की दुहेरी मार. स्वस्त मिळालं म्हणून जुन्या मशीनसाठी ते घेणाऱ्यांना मी नेहमी अडवतो.

एमएसआय आफ्टरबर्नर या प्रोग्रामने हे सगळे आकडे गेम चालू असताना पडद्यावर दिसतात. एक खबरदारी घ्या: मेमरी ९० टक्के भरलेली दिसली म्हणून लगेच घाबरू नका. जागा मोकळी दिसली की गेम ती आगाऊ अडवून ठेवतात. झटके आहेत का, टेक्स्चर उशिरा उमटतात का, ते बघा.

विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये "शेअर्ड जीपीयू मेमरी ८ जीबी" वाचून "माझ्याकडे आठ जीबीचं कार्ड हाय" म्हणणारे तर महिन्याला एकदोन भेटतात. तो आकडा म्हणजे तुमच्या १६ जीबी रॅमचा अर्धा भाग, गरज पडल्यास उसना घेता येईल एवढाच. रायझन ५ ५६००जी सारख्या, ग्राफिक्स पोटातच असलेल्या प्रोसेसरवर सगळं काम याच उसन्या जागेत चालतं, म्हणून तिथे ८ च्या दोन काड्या लावा, १६ ची एक नको. डीडीआर४ ३२०० ची एक काडी सेकंदाला २५.६ जीबी देते, दोन मिळून ५१.२. आरएक्स ६६०० या वेगळ्या कार्डाला २२४ मिळतात.

बाकीच्या गोष्टींवर फार शाई खर्चत नाही. प्रोसेसर आय५ की रायझन ५, हा वाद बेताच्या बजेटमध्ये निरर्थक आहे; ज्याचा बोर्ड स्वस्त पडेल तो घ्या. एसएसडी घ्याच. रंगीत दिव्यांचे पंखे शेवटी. पॉवर सप्लाय मात्र कॅबिनेटसोबत फुकट मिळणारा मुळीच नको, ८० प्लस ब्राँझ प्रमाणपत्राचा तरी घ्या. आणि मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की खोलीतल्या कूलरच्या थेट झोतात कॅबिनेट ठेवू नका. गार वारा लागावा म्हणून लोक ठेवतात, मग त्या ओल्या हवेने आत धुळीचा चिखल बसतो.

माझी पसंती विचाराल तर १०८० पडद्यासाठी ८ जीबी जीडीडीआर६ आणि १२८ बिट, याच्या खाली नवीन कार्डावर पैसे घालू नका. आरएक्स ६६०० मिळत असेल तर मी दुसरीकडे बघतही नाही. पैसे कमी पडत असतील तर नवं कोरं ४ जीबीचं घेण्यापेक्षा जुनं पण चांगल्या चिपचं घ्या, दुकानातच वीस मिनिटं गेम चालवून आणि जीपीयू-झेडमध्ये नाव तपासून. जुन्या कार्डाच्या बायॉसमध्ये, म्हणजे त्याची ओळख साठवणाऱ्या प्रोग्राममध्ये, नवं नाव भरून विकण्याचे प्रकार होतात, आणि बऱ्याच बनावट कार्डांवर हा प्रोग्राम तशी खूण दाखवतो.

शेजारच्या त्या मुलाने चार जीबीचं कार्ड निम्म्याहून कमी भावात विकलं आणि पुन्हा शिकवण्या धरल्या. परवा दुकानातूनच त्याचा फोन. "काका, आठ जीबीचं दाखवून राह्यला. एकशे अठ्ठावीस बिट हाय म्हणते. डीडीआर किती ते सांगून नाही राह्यला."

"डबा हातात घे," मी म्हटलं, "उलटा कर, आणि खालच्या ओळीवर कॅमेरा धर."