पांडाची पाठ कुणी काढलीच नाहीये!

एका मैत्रिणीने सायकल दुरुस्तीचं काम सुरू केलं आणि लोगो दाखवायला पाठवला. त्यात सायकल, पाना, मागे डोंगर, उगवता सूर्य, शिवाय पूर्ण नाव. कॉम्प्युटरवर मस्त दिसत होतं, पण फोनवरच्या त्या इवल्याशा गोलात नुसता डाग. तो होणारच होता, कारण फोन 30 सेंमीवर धरला की साधारण 0.09 मिमीपेक्षा जवळच्या दोन रेषा चांगल्या डोळ्यालाही वेगळ्या दिसत नाहीत.

लोगोत धंद्याची सगळी माहिती यायला हवी हा समज फार पक्का बसलाय. मी तर म्हणेन काय काढलंय त्याआधी काय गाळलंय ते बघा. डब्ल्यूडब्ल्यूएफ या वन्यजीव वाचवणाऱ्या संस्थेचा पांडा आठवा. 1961 मध्ये पीटर स्कॉट यांनी तो काढला, पुढे तो आणखी साधा होत गेला, आणि आजच्या पांडात डोक्याला आणि पाठीला वरून रेषाच नाहीये! नुसते काळे ठिपके आणि पट्टे, तरी आपल्याला अख्खा पांडा दिसतो.

मला यातलं सगळ्यात भारी वाटतं ते मेंदूचं काम. ह्यूबेल आणि वीझल हे दोन शास्त्रज्ञ मांजरीच्या मेंदूतल्या एका पेशीला ठिपके दाखवत होते, पेशी ढिम्म, आणि काचेची स्लाईड सरकवताना तिच्या कडेची सावली पडली तशी ती पेशी धडाधड सिग्नल द्यायला लागली. म्हणजे मेंदूतल्या या पेशी कडा शोधतात, तीही ठरावीक कोनातली (1981 चं नोबेल या कामाला). मग मानसशास्त्रज्ञ कानिझाचा 1955 चा त्रिकोण घ्या. तीन काळे गोल, प्रत्येकाला केकचा तुकडा कापल्यासारखी खाच, खाचा एकमेकींकडे तोंड करून, की मध्ये लखलखीत पांढरा त्रिकोण दिसतो, जो कागदावर नाहीच. 1984 मध्ये माकडांच्या मेंदूतल्या व्ही-टू या नजरेचं काम करणाऱ्या भागात अशा पेशी सापडल्या ज्या नसलेल्या कडेलाही खऱ्या कडेसारखा प्रतिसाद देतात. अट एवढीच की उरलेले तुकडे एका रेषेत हवेत आणि फट फार मोठी नको, नाहीतर जोडणी तुटते आणि नुसते ठिपके उरतात.

आणि ते लाल रंगाने भूक लागते, निळ्याने विश्वास बसतो, अंकशास्त्राप्रमाणे अक्षरं वाढवा, यावर कृपा करून पैसे घालवू नका. रंगाचा परिणाम संदर्भाप्रमाणे बदलतो, आणि अंकशास्त्राला तर काहीच आधार नाही. आधी काळ्या-पांढऱ्यात काढा, नखाएवढं करून बघा, डोळे किलकिले करून बघा, रंग नंतर.

मैत्रिणीने शेवटी तीन जाड काळे कंस ठेवले, एका वर्तुळावरचे, मध्ये फटी. तिच्या लहान मुलीने तो कागद घेतला आणि चाक म्हणत त्यावरून बोट फिरवलं, फटींवरूनसुद्धा, कुठेही न थांबता.