परराष्ट्रमंत्र्यांना संसदेत प्रश्न : गोव्यातल्या कुटुंबाने अर्ज कुठे करायचा, कोणते कागद जोडायचे

गोव्यात असा वाडा सापडणे कठीण, जिथला कोणी बोटीवर, आखातात किंवा युरोपात नाही. पगार थांबला, फोन लागेनासा झाला किंवा तिकडच्या पोलिसांनी धरले, की घरचे आधी एजंटाकडे जातात, मग पंचाकडे, मग आमदाराकडे. शेवटी कोणीतरी सांगतो, "दिल्लीत आवाज उठवा, परराष्ट्रमंत्र्यांना संसदेत जाब विचारा." सल्ला चुकीचा नाही. पण अडकलेल्या माणसाला सोडवण्याचा अर्ज आणि संसदेतला प्रश्न हे दोन वेगळे रस्ते आहेत, त्यांचे कागदही वेगळे. माणसाची तक्रार आधी मंत्रालयाकडे नोंदवायची आणि तिचा क्रमांक हातात घेऊन मगच संसदेची वाट धरायची. हा क्रम उलटला की वेळ जातो, आणि परदेशी तुरुंगातल्या किंवा बंदरात अडकलेल्या माणसाकडे वेळच नसतो.

प्रश्न कोण विचारू शकतो

परराष्ट्रमंत्र्यांना सभागृहात प्रश्न फक्त खासदार विचारू शकतो. आमदाराचा इथे उपयोग नाही, कारण परराष्ट्र व्यवहार हा केंद्राचा विषय. अनिवासी गोमंतकीयांसाठी राज्य सरकार काय करते, एवढेच पर्वरीच्या विधानसभेत विचारता येते.

गोव्याचे लोकसभेत दोन आणि राज्यसभेत एक, असे तीनच खासदार. उत्तर गोव्याचे श्रीपाद नाईक केंद्रात राज्यमंत्री आहेत आणि मंत्री सभागृहात प्रश्न विचारत नाहीत, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. म्हणून पेडणे, डिचोली, सत्तरीतल्या माणसाने त्यांच्याकडे प्रश्नाचा मसुदा नेण्यापेक्षा परराष्ट्रमंत्र्यांच्या नावे पत्र मागावे. एका मंत्र्याने दुसऱ्याला लिहिलेल्या पत्राला वजन असते आणि त्याला अधिवेशनाची वाट पाहावी लागत नाही. प्रश्न मात्र दक्षिण गोव्याचे कॅप्टन विरियातो फर्नांडिस किंवा राज्यसभेचे सदानंद शेट तानावडे यांच्यामार्फत विचारता येतो. मतदारसंघाची अट नाही. प्रियोळचा मतदार उत्तर गोव्यात आणि शेजारच्या फोंड्याचा दक्षिणेत मोडत असला तरी दोघेही कोणत्याही खासदाराकडे जाऊ शकतात. शेजारच्या सिंधुदुर्गातला खलाशी त्याच बोटीवर असेल तर तिथल्या खासदारालाही गाठावे. एकाच विषयावर दोन-तीन पक्षांच्या खासदारांनी सूचना (प्रश्न विचारायचा असल्याची लेखी नोटीस) दिली तर ती सोडतीत निघण्याची शक्यता वाढते. अशा वेळी पक्षाचा विचार करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी 'मदद'

२०१५ साली परराष्ट्र मंत्रालयाने 'मदद' नावाचे तक्रार पोर्टल सुरू केले. थकलेला पगार, तुरुंगवास, भरपाई, मायदेशी परत आणणे, मृतदेह आणणे, अशा प्रकारांनुसार तिथे तक्रार नोंदवता येते. ती थेट त्या देशातल्या भारतीय दूतावासाकडे जाते. नोंदणी संबंधित व्यक्तीला करता येते, घरच्यांनाही.

अट एकच, पण गोव्यात तीच सर्वांत महत्त्वाची : माणूस भारतीय नागरिक असला पाहिजे. लिस्बनमध्ये जन्मनोंद करून ज्याने पोर्तुगीज नागरिकत्व स्वीकारले, त्याचे भारतीय नागरिकत्व १९५५ च्या कायद्यातील कलम ९ प्रमाणे संपते. तो लंडनमध्ये किंवा दोहात अडचणीत आला तर वाणिज्य दूतावासाची मदत त्याने पोर्तुगालकडे मागायची. त्या देशाचे महावाणिज्य दूतावास पणजीतही आहे. घरच्यांना हे पटायला जड जाते, पण भारतीय दूतावासात हेलपाटे घालण्यापेक्षा पहिल्या दिवशीच हे कळलेले बरे. अशा कुटुंबांचे पासपोर्ट परत करण्याचे आणि ओसीआय कार्डाचे (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणाऱ्या कार्डाचे) प्रश्न मात्र भारत सरकारच्या धोरणाचे आहेत. ते संसदेत अवश्य विचारता येतात.

तक्रारीसाठी पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाची प्रत लागते. त्याबरोबर व्हिसा किंवा कामाचा परवाना, नोकरीचा करार, पगाराच्या पावत्या किंवा बँकेचा उतारा, एजंटाचे नाव आणि नोंदणी क्रमांक, शेवटचा संपर्क कधी आणि कोणत्या नंबरवरून झाला याची नोंद, आणि नाते दाखवणारा दाखला : पत्नीने विवाहनोंदीचा, आईवडिलांनी जन्माचा. तारवटी (बोटीवरचा खलाशी) असेल तर सीडीसी (खलाशाचे नोंदणीपुस्तक) आणि इंडोस क्रमांक (खलाशाचा नोंदणी क्रमांक), जहाजाचे नाव आणि त्याचा आयएमओ क्रमांक द्यावा. हा शेवटचा क्रमांक घरच्यांकडे बहुधा नसतो. जहाजाचे नाव आणि झेंडा मालक बदलू शकतो, आयएमओ क्रमांक जन्मभर तोच राहतो. दूतावासाला जहाज शोधायला तोच लागतो. म्हणून माणूस बोटीवर चढायच्या आधीच घरच्या वहीत तो लिहून ठेवायला सांगा. मृत्यूच्या प्रकरणात तिकडचा मृत्यूचा दाखला, पोलिसांचा अहवाल आणि मृतदेह आणायचा की तिथेच अंत्यविधी करायचा याबद्दल जवळच्या वारसाचे संमतिपत्र लागते.

पैशाअभावी काम अडले असेल तर भारतीय समुदाय कल्याण निधीचा उल्लेख अर्जात करावा. २००९ मध्ये उभारलेला हा निधी दूतावासांकडे असतो. खरोखर गरजू असलेल्यांना त्यातून तिकीट, तात्पुरता निवारा, प्राथमिक कायदेशीर मदत आणि मृतदेह पाठवण्याचा खर्च मिळू शकतो. तो आपोआप मिळत नाही, मागावा लागतो.

माणूस अटकेत असेल तर अर्जात स्पष्ट लिहा की त्याला भारतीय अधिकाऱ्यांची भेट मिळावी. वाणिज्य दूतावासविषयक १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या कलम ३६ प्रमाणे अटकेतल्या परदेशी माणसाला हा हक्क आहे. कुलभूषण जाधव यांच्या प्रकरणात पाकिस्तानने याच कलमाचा भंग केल्याचा निकाल आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १७ जुलै २०१९ रोजी दिला.

प्रश्नाचा मसुदा

तक्रारीचा क्रमांक मिळाला आणि काही आठवड्यांत हालचाल दिसली नाही, किंवा अडचण एकट्याची नसून अनेकांची आहे, तर प्रश्नाकडे वळावे. बहुतेक अर्ज इथेच फसतात. लोक चार पानांची कहाणी लिहितात आणि खासदाराच्या कार्यालयात ती फाइलबंद होते. लोकसभेच्या नियम ४१ प्रमाणे प्रश्न १५० शब्दांपेक्षा मोठा नसावा. त्यात युक्तिवाद, आरोप, उपरोध, बदनामी नको. मंत्र्यांचे मत विचारायचे नाही, न्यायप्रविष्ट बाब विचारायची नाही, गुप्त स्वरूपाची माहिती मागायची नाही. परराष्ट्र खात्याच्या बाबतीत आणखी एक कलम लागते : मित्रराष्ट्राविषयी अनादराने लिहिलेला प्रश्न स्वीकारला जात नाही. "अमुक देशातले जुलमी शेख आमच्या मुलांना गुलाम करतात, सरकार झोपले आहे का?" यामागचा संताप खरा आहे, पण अशा शब्दांतला प्रश्न सचिवालयातच थांबेल. तोच विषय असा मांडता येतो :

परराष्ट्रमंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय :
(१) मालकाने सोडून दिलेल्या जहाजांवर परदेशी बंदरांत अडकलेल्या भारतीय खलाशांच्या किती तक्रारी गेल्या तीन वर्षांत मंत्रालयाकडे आल्या, व त्यांत गोव्यातील किती;
(२) त्यांपैकी किती जणांना मायदेशी आणण्यात आले, देशनिहाय तपशील काय;
(३) थकीत वेतन मिळवून देण्यासाठी दूतावासांनी कोणती कार्यवाही केली;
(४) केली नसल्यास, त्याची कारणे काय?

यात कोणाचे नाव नाही, पण उत्तर द्यायला मंत्रालयाला प्रत्येक दूतावासाकडून आकडे मागवावे लागतील. तुमचे प्रकरण त्या यादीत असेल तर दिल्लीतून विचारणा झाली हे तिथल्या अधिकाऱ्यालाही कळते. प्रश्नाची खरी ताकद इथे आहे.

तुरुंगातल्यांची संख्या विचारताना एक लक्षात असू द्या. अनेक देशांत खासगीपणाचे कायदे कडक आहेत. कैद्याने स्वतः संमती दिल्याशिवाय तिथले अधिकारी माहिती देत नाहीत, आणि मंत्रालयाच्या उत्तरांत हे कारण वारंवार येते. म्हणून "किती कैदी" एवढ्यावर थांबू नये. किती जणांना दूतावासाच्या अधिकाऱ्यांनी भेट दिली, किती जणांना वकील मिळाला आणि कैदी हस्तांतरणाचे करार कोणत्या देशांशी आहेत, हेही विचारावे. ही माहिती मंत्रालयाच्या स्वतःकडे असते, ती नाकारता येत नाही.

मानवाधिकारांचे व्यापक प्रश्नही विचारता येतात. विद्यार्थी आणि वकिलांनी ते खासदारांकडे जरूर न्यावेत. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली, अनुसमर्थन, म्हणजे करार बंधनकारक मानणारी अंतिम मान्यता, मात्र अजून केलेले नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये जिनिव्हात मानवाधिकार परिषदेपुढे भारताचा आढावा झाला. तिथे आलेल्या शिफारशींपैकी किती स्वीकारल्या आणि पुढे काय झाले, हा मंत्र्यांनी उत्तर द्यावा असाच प्रश्न आहे.

कोणत्या खात्याकडे, हेही तपासा. बोटीवर भरती करणाऱ्या एजंटाचा परवाना, सीडीसी, प्रशिक्षण हे विषय नौवहन महासंचालनालयाचे, म्हणजे बंदरे व जहाजवाहतूक मंत्रालयाचे. परदेशी बंदरातली अटक किंवा सुटका परराष्ट्र खात्याची. चुकीच्या खात्याला विचारलेला प्रश्न दुसऱ्या खात्याकडे आणि दुसऱ्या वारावर ढकलला जातो.

वार, मुदत आणि सोडत

लोकसभेत परराष्ट्र खात्याची उत्तरे साधारणपणे शुक्रवारी येतात, राज्यसभेत गुरुवारी. म्हणजे एका अधिवेशनात मोजक्याच संधी. सूचना किमान पूर्ण १५ दिवस आधी द्यावी लागते आणि ती खासदाराने हिंदीत किंवा इंग्रजीत द्यायची असते. मसुदा मराठीत केलात तर सोबत भाषांतर जोडा. खासदाराच्या सहायकाचे काम हलके होते आणि तुमचा कागद पुढे सरकतो. अधिवेशनाच्या तारखा जाहीर झाल्या की लगेच, तोही स्वतः जाऊन द्यावा. सोबत 'मदद'चा तक्रार क्रमांक, एका पानात प्रकरणाचा सारांश आणि पासपोर्टची प्रत असावी. बाकीचे कागद मागितल्यावर.

लोकसभेत एका दिवसासाठी २० तारांकित (तोंडी उत्तराचे) आणि २३० अतारांकित (लेखी उत्तराचे) प्रश्न निघतात, क्रम सोडतीने ठरतो. तारांकितावर सभागृहात उपप्रश्न विचारता येतात, पण तासाभरात पहिले मोजकेच प्रश्न होतात; बाकीच्यांची उत्तरे लेखी मिळतात. मला विचाराल तर कुटुंबाने अतारांकितासाठीच आग्रह धरावा. लेखी, तारखेचे, आकड्यांचे उत्तर हेच तुमच्या कामाचे. दूरदर्शनवर दिसणारी खडाजंगी नव्हे. उत्तर परराष्ट्रमंत्री जयशंकर यांच्याऐवजी राज्यमंत्र्यांच्या नावाने आले तरी त्याचे मोल तेवढेच.

अधिवेशन सुरू असताना अचानक काही घडले तर शून्य प्रहर (तातडीचे विषय मांडण्याची वेळ) असतो, पण तिथे मंत्र्यांवर उत्तराचे बंधन नाही. लोकसभेत नियम ३७७ खाली विषय मांडला तर मंत्रालय नंतर खासदाराला पत्राने कळवते.

नाजूक वाटाघाटी चालू असतील तर आधी मंत्रालयाशी बोलून मगच प्रश्नाचा विचार करावा, असे मी कळकळीने सांगेन. कतारमधल्या आठ माजी नौसैनिकांना ऑक्टोबर २०२३ मध्ये मृत्युदंड झाला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये ते सुटले. त्यामागे बराचसा भाग पडद्याआडच्या बोलण्यांचा होता.

याचिका, माहितीचा अधिकार आणि आश्वासन

विषय अनेक कुटुंबांचा असेल तर लोकसभेच्या याचिका समितीकडे जाता येते. कोणीही नागरिक याचिका करू शकतो. सही करणाऱ्या प्रत्येकाचे पूर्ण नाव आणि पत्ता हवा, त्यासोबत सही किंवा निरक्षर असेल तर अंगठा. मराठी याचिकेसोबत हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर जोडावे लागते आणि सभागृहात सादर व्हायची तर खासदाराची प्रतिस्वाक्षरी. इथे मात्र पत्रे, प्रतिज्ञापत्रे, दाखले काहीही जोडायचे नाहीत; नियमच तसा आहे.

माहितीच्या अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो, उत्तराची मुदत ३० दिवस. एखाद्याच्या जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर माहिती ४८ तासांत देण्याची तरतूद कलम ७ मध्ये आहे. अटकेतल्या माणसासाठी अर्ज करताना हे कलम वरच, ठळक अक्षरांत लिहा. परराष्ट्र संबंधांना बाध येईल असे कारण देऊन काही माहिती रोखता येते, पण तुमच्या स्वतःच्या तक्रारीवर दूतावासाने काय केले याला हे कारण सहसा लागू पडू नये.

उत्तर आले की ते संसदेच्या संकेतस्थळावर आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या संसदीय प्रश्नोत्तरांच्या पानावर शोधून छापून ठेवा. त्यात "माहिती गोळा करण्यात येत असून सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येईल" असे वाक्य असेल तर निराश होऊ नका. संसदेच्या भाषेत ते आश्वासन ठरते. शासकीय आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करते आणि पूर्ततेची मुदत तीन महिने असते. उत्तराची तारीख आणि प्रश्नाचा क्रमांक लिहून ठेवा. तीन महिने उलटले की दोन्ही नमूद करून प्रश्न विचारणाऱ्या खासदाराला पत्र द्या, आणि प्रत आश्वासन समितीच्या सचिवालयाला स्पीड पोस्टाने पाठवा.